चार्ज, बोर्ड, रन, गेट : साध्या इंग्रजी शब्दांचे ढीगभर अर्थ कसे धरायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे : मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला लांबलचक, अवघड इंग्रजी शब्द एक वेळ जमतात, कारण त्यांचा अर्थ बहुधा एकच असतो. पण गेट, रन, सेट, चार्ज, फाइन असे चिमुकले शब्द आले की वाक्य हातातून निसटतं. कोश उघडावा तर एकेका शब्दाखाली पानंच्या पानं अर्थ. हे सगळे पाठ करायचे का? आणि नाही, तर मग काय करायचं?

पाठ करू नका, होणारही नाहीत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे केले. एवढी यादी इंग्लंडात जन्मलेल्या माणसालाही येत नाही आणि तिच्यावाचून त्याचं काही अडत नाही. त्याच्या डोक्यात शब्दाचं एक मूळ चित्र असतं, आणि शब्दाच्या पुढे-मागे काय आलं म्हणजे त्या चित्राचा कोणता कोपरा बघायचा ही सवय असते. चित्र आणि शेजार, या दोन्ही गोष्टी शिकता येतात.

त्यातून मराठी माणसाला हे कसब आधीपासूनच अवगत आहे. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, निकाल लागतो, डोळा लागतो. पैसे लागतात, वेळ लागतो, आंबा गोड लागतो, एसटी लागते (फलाटालाही आणि पोटालाही), तो माझा चुलतभाऊ लागतो, आणि पाऊस पडू लागतो. हे अर्थ तुम्ही कधी तक्ता करून घोकले नाहीत. कर्ता ‘भूक’ असेल तर एक अर्थ, ‘निकाल’ असेल तर दुसरा, आधी ‘करू, पडू’ असं रूप आलं तर तिसराच. म्हणजे अर्थ शेजाऱ्यावरून ठरतो, आणि सगळ्यांच्या तळाशी ‘एक वस्तू दुसरीला येऊन चिकटली’ हे चित्र असतं. इंग्रजीत नेमकं हेच करायचं आहे.

आधी चित्राकडे बघू, आणि त्यासाठी ‘चार्ज’इतका चांगला शब्द मला दुसरा दिसत नाही. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून ‘गाड्यावर माल लादणे’ असं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणून आलं. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. तेव्हा चित्र एकच : कशावर तरी ओझं चढवणं. बंदुकीत दारू भरली, चार्ज. बॅटरीत वीज भरली, चार्ज. गिऱ्हाइकावर पैशाचं ओझं टाकलं, तोही चार्ज. माणसावर गुन्हा ठेवला किंवा कामाची जबाबदारी सोपवली, तरी चार्जच. शस्त्र रोखून अंगावर धावून जाणं हा अर्थ लढाईतून आला. लाठीचार्जमधला चार्ज तो.

आता याच अर्थांना मराठीत काय म्हणतात ते पाहा. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार. कचेरीत कार्यभार, पदभार. तात्पुरती जबाबदारी असलेला तो प्रभारी मुख्याध्यापक. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाची नोंद झाली की आपण ‘बोजा चढला’ म्हणतो, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात स्थावर मालमत्तेवरच्या अशा भाराला ‘चार्ज’ हाच शब्द आहे. राहिला आरोप. वृक्षारोपणात जो ‘आरोप’ आहे तोच हा. मूळ अर्थ वर चढवणं, वर ठेवणं. म्हणजे इंग्रजीने एका शब्दात जे भरलं, ते मराठीने भार, बोजा आणि आरोप अशा तीन शब्दांत वाटून दिलं, पण दोन्ही भाषांनी ओझ्याचंच चित्र धरलं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की ‘चार्ज’चे सात-आठ अर्थ वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत. बाकीची खूण व्याकरणात सापडते. पैशासाठी ‘चार्ज’नंतर ‘फॉर’ येतं (दे चार्ज्ड मी फॉर द बॅग), गुन्ह्यासाठी ‘विथ’ येतं (ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट), आणि जबाबदारीसाठी ‘इन चार्ज ऑफ’. तीन शेजारी, तीन अर्थ.

‘बोर्ड’चंही असंच. मूळ अर्थ लाकडाची फळी. काळी फळी तो ब्लॅकबोर्ड. जेवणाचं मेज फळीचं, म्हणून मेजावरचं जेवणही बोर्ड. राहण्या-जेवणाची सोय ती बोर्डिंग. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी जी बोर्डिंगं उभी राहिली (१९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्यांतलं आरंभीचं) त्यांच्या नावातला बोर्ड हा. मेजाभोवती बसून कारभार पाहणारी मंडळी तीही बोर्ड. कंपनीचं संचालक मंडळ, दहावीचं परीक्षा मंडळ. जहाजाच्या कडेलाही जुन्या इंग्रजीत हाच शब्द होता, म्हणून जहाजावर चढणं म्हणजे बोर्ड करणं, आणि विमानतळावर हातात पडतो तो बोर्डिंग पास. कोल्हापूरच्या बोर्डिंगचा आणि विमानाच्या बोर्डिंगचा संबंध असा फळीतून जातो.

‘फाइन’मध्ये लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे शेवट आहे. शेवटचा हात फिरवून पूर्ण केलेलं ते उत्तम, सुबक, मग नाजूक आणि बारीक. आणि पैसे भरून प्रकरण मिटवलं, त्याचा शेवट केला, तो दंड. देणं चुकतं करण्यातूनच ‘फायनान्स’ निघाला.

मात्र प्रत्येक शब्दात एकच चित्र शोधत बसू नका, कारण काही वेळा एका स्पेलिंगखाली दोन परके शब्द राहत असतात. क्रिकेटची मॅच आणि मॅचिंग सेंटरमधलं मॅचिंग हा एक शब्द : जोडीदार, तोडीस तोड, म्हणून सामना, म्हणून जुळणारा रंग, म्हणून लग्नाचं स्थळही. काडेपेटीतली मॅच मात्र वातीवरून आलेली, तिचा या जोडीशी काही संबंध नाही. ‘फेअर’ही तसाच. शाळेतल्या फेअर वहीतला फेअर म्हणजे स्वच्छ, नीटनेटका. त्याचा जुना अर्थ सुंदर, त्यातूनच उजळ आणि न्याय्य हे अर्थ निघाले. प्रगतिपुस्तकात आला तर ‘बरा’, हे पालकांनी लक्षात ठेवावं. जत्रा या अर्थाचा फेअर लॅटिनमधल्या सणाच्या दिवसावरून आला. हे वेगळेपण ओळखायची सोपी खूण चांगल्या कोशात असते : निराळ्या मुळाचे शब्द सहसा निराळ्या नोंदी करून देतात आणि डोक्यावर बारीक एक, दोन असे आकडे घालतात. आकडे दिसले की चित्रंही तितकी वेगळी ठेवा.

आता शेजार. इथे ‘गेट’ हाच राजा, आणि मराठी माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तोही इथेच. शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आलेला, मूळ अर्थ मिळवणं. पण आज त्याचा अर्थ जवळजवळ पूर्णपणे पुढच्या शब्दावर ठरतो. पुढे नाम आलं तर मिळणं, आणणं किंवा होणं : ‘आय गॉट अ लेटर’ पत्र मिळालं, ‘गेट मी सम वॉटर’ पाणी आणून दे, ‘शी गॉट अ कोल्ड’ तिला सर्दी झाली. पुढे विशेषण आलं तर सरळ ‘होणे’ लावा : गेट टायर्ड, गेट अँग्री, ‘इट्स गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडायला लागला. पुढे ठिकाण आलं तर पोचणं. ‘गेट टू पुणे’ म्हणतात पण ‘गेट होम’, इथे ‘टू’ नाही, कारण होम, हिअर, देअर हे शब्द आपला ‘ला’ पोटात घेऊनच येतात. वाहनांत आणखी एक बारकावा आहे : ज्यात उभं राहून चालता येतं (बस, रेल्वे, विमान) आणि ज्यावर टांग टाकून बसतात (सायकल, घोडा) तिथे ऑन आणि ऑफ, कार आणि टॅक्सीला मात्र इन आणि आउट ऑफ. ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ हे ‘बसमधून खाली उतर’चं शब्दशः भाषांतर. भारतात चालतं, बाहेर कानाला खटकतं.

क्रियापदाचं तिसरं रूप पुढे आलं तर स्वतःवर ओढवलेली किंवा स्वतःच्या बाबतीत घडलेली गोष्ट : गेट कॉट, गेट हर्ट, गेट मॅरीड. लग्नाच्या बाबतीत ‘टू’ वापरतात, ‘विथ’ नाही : ‘शी गॉट मॅरीड टू अ डॉक्टर.’ मराठीतला ‘डॉक्टरशी’ इथे दगा देतो.

यापेक्षा मोठा दगा पुढच्या रचनेत आहे. आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘मी आज केस कापले.’ केस न्हाव्याने कापले हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तुम्ही आरशासमोर स्वतः कात्री चालवली असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल तर गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप : ‘आय गॉट माय हेअर कट.’ गाडी दुरुस्त केली, घराला रंग दिला, ब्लाउज शिवला, रक्त तपासलं, ही सगळी वाक्यं आपण कर्तरी बोलतो, आणि सगळ्यांना इंग्रजीत ही रचना लागते. मराठीत मुद्दाम सांगायचं तेव्हा आपण ‘करून घेतलं’ म्हणतो. वाक्य मनात तिथपर्यंत नेऊन मग भाषांतर करा, चूक होणार नाही. माणसाकडून काम करवणं असेल तर ‘गेट हिम टू साइन’, ‘टू’सकट, पण तेच ‘मेक’ वापरलं तर ‘मेक हिम साइन’, ‘टू’ गाळून. गेटमध्ये समजावणं, पटवणं येतं आणि मेकमध्ये भाग पाडणं.

राहिलेलं पटकन : ‘हॅव गॉट’मध्ये मिळण्याचा काही संबंध उरलेला नाही, ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत, एवढंच. ‘गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली. आणि ‘आय डोंट गेट इट’ म्हणजे मला कळलं नाही. त्यातल्या ‘इट’ला मिळण्याजोगी वस्तू शोधू नका.

‘रन’साठी एक किल्ली देतो : मराठीत जे चालतं ते इंग्रजीत धावतं. दुकान चालतं, कंपनी चालवतात, नाटक जोरात चालतं, मोटार बंद पडल्यावर दुरुस्त होऊन चालते, करार तीन वर्षं चालतो. हे सगळं रन. इंग्रजी ‘वॉक’ इथे कुठेही बसत नाही. चित्र पायांचं नाहीच, सलग वाहत राहण्याचं आहे. म्हणून नाक वाहतं तेही रन, धुताना कपड्याचा रंग जातो तेही रन, आणि मधुमेह घराण्यात चालत आला असेल तर ‘इट रन्स इन द फॅमिली’. अमेरिकेत निवडणुकीला माणूस रन होतो, ब्रिटनमध्ये मात्र स्टँड; आपणही उभेच राहतो.

गेट, रन, पुट यांच्या मागे अप, ऑफ, आउट असे छोटे शब्द लागतात तेव्हा बरेच जण हात टेकतात. इथेही मराठीत सोबती आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘संपव’ आणि ‘संपवून टाक’ यांत फरक काय? ‘टाक’ने काम पूर्णत्वाला नेलं. ‘अप’ पुष्कळदा तेच करतो : ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. ‘ऑफ’ तोडतो किंवा दूर सारतो : कट ऑफ, स्विच ऑफ, आणि काम पुढे सारलं तर पुट ऑफ. ‘आउट’ आतलं बाहेर काढून संपवतो, म्हणून ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली. क्रिकेटमधल्या रन आउटशी त्याची गल्लत करू नका. पण ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं, हे मात्र कुठल्याच चित्रातून सहज निघत नाही. असे अडेलतट्टू थोडेच असतात. ते खुशाल पाठ करा, कारण तेवढ्यांनाच पाठांतराची गरज आहे.

आता मराठीत मुक्कामाला आलेल्या शब्दांबद्दल, कारण तिथे चूक दिसत नाही म्हणून ती जास्त घातक. इंग्रजी शब्द मराठीत येतो तेव्हा बहुधा एकच अर्थ घेऊन येतो, आणि तो अर्थ मग बाकीच्यांची वाट अडवतो. ‘ग्लास’ आपल्याकडे पाणी प्यायचं भांडं, इतकं की स्टीलचा ग्लास म्हणताना काही वाटत नाही. मुळात ती काच आहे. ‘हॉटेल’ म्हणजे आपल्याला मिसळ मिळण्याची जागा, इंग्रजीत मुक्कामाची. ‘पास आउट’ म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं. पोलीस आणि लष्करी प्रशिक्षणात हा अर्थ जुना आणि बरोबर आहे, पण परदेशी मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला तुम्ही बेशुद्ध पडल्याचं कळेल. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘सँक्शन’ आपल्याला कर्जामुळे माहीत, म्हणून मंजुरी. पण बातमीत एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले तर ते निर्बंध. मूळ लॅटिन अर्थ नियमाला पवित्र, बंधनकारक करणं असा, आणि नियमात परवानगीही असते, शिक्षाही असते. साधारणपणे एकवचनी, पुढे ‘फॉर’ असेल तर मंजुरी. अनेकवचनी, पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर निर्बंध. ‘टेबल’ क्रियापद म्हणून आलं तर आधी देश बघा : ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे सभागृहाच्या पटलावर ठेवणं, अमेरिकेत चर्चा बेमुदत बाजूला ठेवणं. एकच वाक्य, उलटे अर्थ.

कोर्टकचेरीचे कागद वाचणाऱ्यांनी तर साध्या शब्दांना जास्त भ्यायला हवं. १८७२ च्या करार अधिनियमातलं ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. ‘सर्व्हिस ऑफ समन्स’ म्हणजे समन्सची बजावणी. ‘एक्झिक्यूट’ दस्ताला लावलं तर सही करून दस्त लिहून देणं, हुकूमनाम्याला लावलं तर अंमलबजावणी, ज्यासाठी आपल्याकडे दरखास्त दाखल करतात, आणि माणसाला लावलं तर मृत्युदंड देणं. ‘इश्यू’ दाव्यात वादाचा मुद्दा, मृत्युपत्रात अपत्य, मासिकाचा अंक, पासपोर्टच्या बाबतीत देणं. मृत्युपत्रातल्या ‘डाइड विदाउट इश्यू’चं भाषांतर ‘कोणत्याही वादाशिवाय वारला’ असं झालं, तर वारसाहक्काचा सगळा अर्थच बदलतो. ते ‘निःसंतान वारला’ असं हवं. तेव्हा कायद्याच्या मजकुरात ओळखीचा शब्द जागेवर बसत नाहीसा वाटला की घाईने पुढे जाऊ नका, कायद्याचा कोश उघडा.

वाचताना अडलात तर आधी बघा की तो शब्द वाक्यात नाम आहे की क्रियापद. एवढ्यानेच निम्मे अर्थ गळून पडतात. नाम असेल तर मोजता येतं का ते पाहा. ‘पेपर’ मोजता आला नाही तर कागद, मोजता आला तर वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका, ‘पेपर्स’ म्हटलं तर कागदपत्रंही. ‘आयर्न’ लोखंड, ‘अ‍ॅन आयर्न’ इस्त्री. ‘अ रूम’ खोली, नुसतं ‘रूम’ म्हणजे मावायला जागा. तो एवढासा ‘अ’ आपण वाचताना गिळतो आणि अर्थही त्याच्याबरोबर जातो. क्रियापद असेल तर लगेच पुढचा शब्द बघा, ‘गेट’ला केलं तसं. शेवटी विषय : शेती, बँक, कोर्ट, क्रिकेट.

ऐकताना आणि बोलताना यात जोर किंवा उच्चाराची भर पडते. रेकॉर्ड, परमिट, एक्स्पोर्ट, प्रोटेस्ट यांत पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारतुकड्यावर, जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. ‘कन्टेन्ट’मध्ये जोर पहिल्यावर तर मजकूर, दुसऱ्यावर तर समाधानी. ‘रेफ्यूज’ म्हणजे कचरा, ‘रिफ्यूज’ म्हणजे नकार. ‘मिनिट’ साठ सेकंदांचं, पण त्याच स्पेलिंगचा ‘मायन्यूट’ म्हणजे अतिसूक्ष्म. मराठीत जोराने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानाला हा फरक सुरुवातीला ऐकूच येत नाही. मोठ्याने, जोडीने म्हणून बघावा लागतो.

कोश निवडताना इंग्रजी-मराठी कोशावर थांबू नका. त्यात प्रतिशब्दांची रांग असते, शेजार नसतो. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. लाँगमनचा १९७८ पासूनचा कोश सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत देतो, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिजचे विद्यार्थी-कोशही चांगले आहेत. त्यांत जास्त वापरातले अर्थ आधी येतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जुना अर्थ आधी येतो, म्हणून तो चित्र शोधायला उत्तम आणि रोजच्या कामाला गैरसोयीचा. नोंदीतले पहिले सहा ते आठ अर्थ घ्या, बाकीचे भेटतील तेव्हा.

वही करणार असाल तर ‘गेट = मिळणे’ अशी ओळ कधीही लिहू नका. शब्दाला एक अख्खं पान द्या. वर मूळ चित्र एका मराठी ओळीत, खाली प्रत्येक अर्थासाठी एक पूर्ण इंग्रजी वाक्य, तुमच्या घरातलं किंवा कामावरचं, आणि त्यात अर्थ ठरवणाऱ्या शेजाऱ्याखाली रेघ. मराठी अर्थ पानाच्या मागच्या बाजूला. आठवड्याने वाक्यातला मुख्य शब्द बोटाने झाका आणि फक्त शेजाऱ्यावरून तो सांगता येतो का ते पाहा. गेट, टेक, मेक, हॅव, पुट, सेट, रन, टर्न, कम, गो या दहांपासून सुरुवात करा, आठवड्याला एकच. पानाचा खालचा निम्मा भाग मोकळा सोडा, कारण पुढची कित्येक वर्षं त्यात ओळी भरत राहणार आहेत.